मोठ्या बाईंचा चार्ज

माझ्या पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख कागदोपत्री 1 जून आहे. शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराची तारीख घरच्यांना आठवत नसली की गुरुजी 1 जून लिहून टाकत. शाळा जूनमध्ये भरायच्या, वयाचा हिशोब नीट बसायचा. माझीही 1 जून 1967. खाजगी माध्यमिक शाळेत निवृत्तीचं वय 58, आणि एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे मुख्याध्यापिका म्हणून माझा नोकरीचा शेवटचा दिवस ठरला 31 मे 2025. भर मे महिना. वर्गांना कुलपं आणि मुलं गावभर पांगलेली.

म्हणजे निरोप एका दिवसात घेता येणार नव्हता. मुलांचा एप्रिलमध्ये, पालकांचा मेमध्ये, मुंबईकरांचा ते गावी येतील तेव्हा आणि कचेरीचा शेवटच्या तारखेला. शिवाय रजिस्टरं, किल्ल्या, शिक्के, पासवर्ड. हे सगळं निस्तरायला मला जवळपास अख्खं शैक्षणिक वर्ष लागलं. दर मे महिन्यात कोकणातल्या कितीतरी शाळांतून कुणीतरी असंच बाहेर पडतं, आणि त्यांच्यानंतर शाळा कशी चालते हे या वर्षभरात काय केलं त्यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून हे लिहिते आहे.

आमची शाळा देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या बाजूला. पाचवी ते दहावी. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, समोर सडा म्हणजे कातळाचं उघडं पठार, मागे हापूसच्या बागा. संस्था मुंबईत नोंदलेली. गावातून गिरण्यांत गेलेल्या लोकांनी पगारातून वर्गणी काढून शाळा उभी केली. 1992 मध्ये आजऱ्याहून घाट उतरून मी इथे गणित-विज्ञान शिकवायला आले, तेव्हा त्यांतले काही म्हातारे अजून होते. 1982 च्या संपात हातची नोकरी गेली तरी ज्यांनी वर्गणी चुकवली नाही, त्यांच्या सह्या जुन्या इतिवृत्तात आहेत. मुख्याध्यापिका झाल्यावर संस्थेच्या सचिवांनी माझ्यासमोर पहिलं काय ठेवलं असेल, तर ते इतिवृत्ताचं पुस्तक. त्या दिवसापासून गावात मी ‘मोठ्या बाई’ झाले.

पेन्शनचे कागद हा वेगळाच उद्योग असतो, पण त्यावर फार लिहावं असं नाही. 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीची नेमणूक असल्याने मी जुन्या पेन्शनमध्ये. सेवापुस्तक घेऊन आधी जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला, मग वेतन पडताळणीसाठी फोंडा घाटाने कोल्हापूर, त्यानंतर प्रस्ताव मुंबईला महालेखापालांकडे. मागून येणाऱ्यांना एकच सांगते. सेवापुस्तक आधीच उघडून पानपान वाचा. प्रत्येक वेतन आयोगाची वेतननिश्चिती, प्रत्येक वर्षाची सेवा पडताळणीची सही, नामनिर्देशन, रजेचा हिशोब हे सगळं वाचा. राहिलेली सही मिळवायची तर ती करणारा अधिकारी आपल्याआधी निवृत्त झालेला असतो. आमच्या लेखनिकांनी दर वर्षी एप्रिलमध्ये ही पानं भरून घेण्याची शिस्त पाळली होती, त्यामुळे माझा प्रस्ताव वेळेत गेला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

खरं काम चार्ज देण्याचं.

प्रजासत्ताक दिन झाल्यावर मी सेवाज्येष्ठतेने पुढे येणाऱ्या सरांना शेजारी बसवून घ्यायला सुरुवात केली. रोज शाळा सुटल्यावर थोडा वेळ. सर मराठी शिकवतात, कवितेचे माणूस, हिशोबाच्या वह्यांची त्यांना मनापासून धास्ती. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “बाई, मला तुम्ही वर्गात कितीही तास द्या, पण कॅश बुक नको.” मी म्हटलं, “सर, कॅश बुक मी तुम्हाला कवितेसारखंच शिकवते, ओळ-ओळ.” मार्चअखेर ते स्वतः बँकेचा ताळमेळ लावू लागले.

सुरुवात जनरल रजिस्टरपासून केली. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद यात असते. नाव, आईचं नाव, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख, कुठून आला, कधी गेला. शाळा सोडल्याचा दाखला यावरूनच निघतो. आमचं पहिलं रजिस्टर निळ्या शाईचं आहे आणि त्याला मोल आहे. इतर मागासवर्गीयांच्या जातपडताळणीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा. आजोबांची नोंद आमच्या रजिस्टरात सापडली म्हणून नातवाला इंजिनिअरिंगची जागा मिळाली, असं इथे घडलेलं आहे. विरार-नालासोपाऱ्याहून रात्रीचा प्रवास करून माणसं येतात, टेबलासमोर उभी राहतात आणि म्हणतात, “बाई, माझ्या बापाशीचा नाव बघा जरा.” त्या वेळी लेखनिक रजेवर असला, किल्ली दुसऱ्याकडे असली, तर त्या माणसाने काय करायचं? म्हणून रजिस्टर कुठल्या कपाटात, कुठल्या कप्प्यात, किल्ली कुणाकडे, हे तीन माणसांना ठाऊक असावं, असं मी सरांकडून वदवून घेतलं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. रजिस्टरात खाडाखोड कुणाच्याही शब्दाखातर करायची नाही. सरपंच येऊ दे, नातेवाईक येऊ दे, रडत येऊ दे. दुरुस्तीचा मार्ग माध्यमिक शाळा संहितेत आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीत आहे, तो त्यांना समजावून सांगायचा, अर्ज लिहायला मदत करायची.

कोकणात कागद सांभाळणं ही शेतीइतकीच मेहनतीची गोष्ट आहे. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटाच्या मागून वाळवी चढते. दर मे महिन्यात शिपाईमामा आणि मी रजिस्टरं पडवीत काढून वारा देत असू, पानांत डांबराच्या गोळ्या ठेवून कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढत असू. हे चार्ज यादीत कुठे लिहिणार? पण लिहिलं. यादीच्या शेवटी ‘वार्षिक कामे’ असं पान जोडलं.

डेड स्टॉकची, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची पडताळणी फेब्रुवारीत केली. प्रयोगशाळेतल्या काचेच्या वस्तू, नकाशे, लेझीम, ढोल, ग्रंथालय. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडासुद्धा रजिस्टरात आहे. मोडलेल्या बाकांचं निर्लेखन, म्हणजे ती नोंदीतून काढून टाकणं, कितीतरी वर्षं राहून गेलं होतं, ते रीतसर ठराव घेऊन पूर्ण केलं. आपल्या खात्यावरचं मोडकं सामान पुढच्या माणसाच्या माथी मारणं मला पटत नाही.

आणि हल्ली चार्जचा अर्धा भाग कपाटात नसतोच. पगारबिलं शालार्थमध्ये, मुलांची माहिती सरल आणि यू-डायस प्लस या सरकारी ऑनलाइन प्रणालींमध्ये, बोर्डाचे फॉर्म ऑनलाइन, पोषण आहाराची रोजची ताटं मोबाइलवर. प्रत्येक ठिकाणी ओटीपी मुख्याध्यापकाच्या फोनवर येतो. प्रत्येक खात्याचा नंबर बदलायला वेगळा अर्ज, वेगळी कचेरी. मी एक तक्ता केला. कुठली प्रणाली, कुणाच्या नावाने, कुठला नंबर, बदलायला कुणाला भेटायचं. त्याहून निकडीचे म्हणजे सह्यांचे अधिकार. जुना मुख्याध्यापक निवृत्त झाला आणि नव्याच्या स्वाक्षरीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता आली नाही, तर पगारबिलावर सही कुणाची? अख्ख्या शाळेचा पगार अडतो. शिपाईमामांच्या घरात दुसरं उत्पन्न नाही. संस्थेच्या मागे लागून मार्चमध्येच ठराव करून घेतला आणि प्रस्ताव एप्रिलमध्ये ओरोसला पोहोचवला. निवृत्त होणाऱ्या प्रत्येक मुख्याध्यापकाने हे एक काम निरोपाच्या भाषणाच्या किती तरी आधी उरकावं, असं मी कळकळीने सांगते.

हे झालं यादीत मावणारं. जे मावत नव्हतं त्यासाठी मी शंभर पानी वही घेतली. रोज रात्री जेवणं झाली की एखादं पान लिहायचं. त्यातलं थोडं सांगते.

ऑगस्टचा पहिला आठवडा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात बंदी असते. बंदी उठली की बोटींना खलाशी हवे असतात आणि नववी-दहावीतली दांडगी पोरं एकदम गैरहजर होऊ लागतात. पहिल्या दोन दिवसांत घरी गेलं तर मुलगा परत येतो. पंधरा दिवस गेले, हातात पैसे आले, की नाही येत. म्हणून त्या आठवड्यात हजेरीपट कचेरीत मागवून रोज स्वतः बघायचा, आणि नोटीस न पाठवता वाडीवर जायचं. आईशी बोलायचं. बाप बहुधा समुद्रावरच असतो.

बागांतली मुलं. आंब्याच्या बागांची राखण नेपाळहून आलेली कुटुंबं करतात. त्यांची मुलं वर्षाच्या मध्येच येतात, कधी मध्येच जातात. कागद नसतात. शिक्षण हक्काच्या कायद्यात स्पष्ट आहे की वयाच्या दाखल्याअभावी आठवीपर्यंत कुणाला प्रवेश नाकारायचा नाही, आणि वयानुरूप वर्गात बसवायचं. तरी कागद नाहीत म्हटल्यावर कचेरीत हात आखडतो, हे मला माहीत आहे. म्हणून वहीत लिहिलं: आधी मुलाला वर्गात बसवा, कागद मागाहून. अशी एक मुलगी सहावीत आली तेव्हा तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. पुढच्या गणपतीपर्यंत ती मालवणीत भांडू लागली होती. दहावीला ती सत्तरच्या वर गुण घेऊन गेली आणि आता कणकवलीला नर्सिंगच्या शिक्षणाला आहे.

सड्यापलीकडच्या वाडीच्या मुली. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, आणि 2024 च्या जूनपासून पास थेट शाळेत देण्याची सोय झाली, मुख्याध्यापकाने यादी पाठवली की झालं. पण पास असून गाडी नसेल तर? संध्याकाळची गाडी चुकली किंवा आलीच नाही, तर सडा पायी तुडवावा लागतो. पावसाळ्यात पाच वाजताच अंधारून येतं. वहीत लिहिलं: गाडी गेल्याचं कळेपर्यंत शाळेला कुलूप लावायचं नाही. गाडी आली नाही तर कुणाला फोन करायचा, कोण रिक्षा घेऊन येतो, त्याचे पैसे कुठून द्यायचे.

कौलं. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा पश्चिमेच्या वर्गांची कौलं उडाली. करोनामुळे शाळा बंदच होती. मुलं सड्यावर मोबाइलची रेंज शोधत अभ्यास करायची, त्यात हे. मुंबईकर माजी विद्यार्थ्यांनी स्वतःचे पगार कापले जात असताना पैसे पाठवले आणि जून उजाडायच्या आत छप्पर शाकारलं गेलं. कोण कौलं बसवतो, कुठली वासे-रिपं बदलायची राहिलीत, हेही वहीत.

आणि काही मुलांची नावं. ती इथे सांगणार नाही. कुणाच्या घरात दारू आहे, कोण आजीकडे राहतो, कुणाला सहलीचे पैसे मागायचे नाहीत, कुणाला वर्गात मोठ्याने रागावायचं नाही. ही पानं मी सरांना समोर बसवून वाचून दाखवली आणि मग फाडून त्यांच्या हातात दिली, वहीत ठेवली नाहीत. सर बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “बाई, हे सगळं डोक्यात घेऊन तुम्ही झोपत कशा होतात?”

दहावीच्या मुलांचा निरोप जानेवारीअखेरच झाला होता, कारण परीक्षा 21 फेब्रुवारीला सुरू झाली. दर वर्षी आम्ही त्यांना निरोप देतो, यंदा त्यांनी मलाही दिला. मुलींनी ठरवून एकसारखे गजरे माळले होते. खाली होती पाचवी ते नववी. त्यांच्यासाठी सभा भरवायची नाही, असं मी ठरवलं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक वर्गावर एक पूर्ण तास घेतला. पाचवीत अपूर्णांक, सहावीत कोन, आठवीत वर्गमूळ, नववीत आलेख. शेवटची दहा मिनिटं फळा पुसून त्यांना म्हटलं, विचारा काय विचारायचं ते. मला वाटलं होतं रडारड होईल. तसं फारसं झालं नाही. पाचवीतल्या एकाने विचारलं, नवीन सर पावसात मैदानावर खेळायला सोडतील का. सातवीतल्या मुलीने विचारलं, बाई, तुम्ही घरी गेल्यावर आम्हाला गणित अडलं तर? मी सांगितलं, गावातच आहे, दार उघडं आहे, फक्त वही घेऊन यायचं, रिकाम्या हाताने नाही. नववीचा वर्ग मात्र गप्प होता. पुढच्या वर्षी दहावीला मी त्यांना शिकवणार नव्हते, हे त्यांच्या मनाला लागलं होतं आणि माझ्याही. घंटा झाल्यावर कुणी उठेना. शेवटी मीच खडू-डस्टर उचलून बाहेर आले.

1 मे ला झेंडावंदन झालं, निकालपत्रकं वाटली, सुट्टी लागली.

13 मे ला दहावीचा निकाल आला. कोकण विभाग 98.82 टक्क्यांनी राज्यात पुन्हा पहिला. 2012 साली कोल्हापूरपासून वेगळं मंडळ झाल्यापासून हा मान कोकणाकडेच आहे. आमची सगळी मुलं उत्तीर्ण झाली. मला त्याचा अभिमान आहे, आणि त्याच श्वासात एक सांगावंसं वाटतं. राज्यात सर्वांत कमी मुलं परीक्षेला बसतात तीही याच विभागात. मी आले तेव्हा आमच्याकडे प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या होत्या, ‘ब’ तुकडीला बाकं कमी पडायची. आज एकेका तुकडीवर शाळा आली आहे. संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचे, निकष पटावर चालतात, 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने ते आणखी कडक केले, आणि पट एका आकड्याखाली गेला की शिक्षकाचं पद जातं, पुढे मुख्याध्यापकाचंही जातं. चांगला निकाल पट वाढवत नाही. त्यासाठी गावात तरुण जोडपी राहावी लागतात.

म्हणून मे महिन्यातली वाडी-वाडीवरची फेरी मी यंदाही सोडली नाही. एरवी ती पटनोंदणीची असते. चौथी झालेली मुलं कुठे जाणार, आठवीला कोण तालुक्याला जाणार, याची विचारपूस. यंदा सरांना बरोबर घेतलं. प्रत्येक घरी आधी त्यांची ओळख, मग माझा निरोप. आंब्याचा हंगाम, अंगणात पेट्या भरणं चाललेलं, कुणी हातातलं काम टाकून रातांब्याचं सरबत आणून दिलं. एका आज्यांनी माझा हात धरून विचारलं, “बाई, आता तुम्ही घाटार जातलास?” मी नाही म्हटलं. माझ्या यजमानांची नोकरीही इथलीच, दोन मुलं याच शाळेत शिकली, खाडीचा वारा आता अंगाला सवयीचा झाला आहे. “मगे हयच रवा,” असं म्हणून त्यांनी सरांकडे वळून सांगितलं, “आणि तुम्ही, पोरांका मारू नको हां.” सरांनी हात जोडले.

एका घरी मात्र कठीण प्रसंग होता. मुलगा हुशार, आईवडिलांनी तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालायचं ठरवलेलं, व्हॅनचे पैसे भरलेले. वडील माझेच विद्यार्थी. ते नजर चुकवत होते. मी त्यांना म्हटलं, तुझ्या मुलाचं तुला जे बरं वाटतं ते कर, माझ्या निरोपाखातर करू नकोस. मात्र सकाळी किती वाजता तो घर सोडणार आणि संध्याकाळी कधी परतणार, त्याचा हिशोब एकदा मांड. यापलीकडे मी काही बोलले नाही. पालकाला भावनेत अडकवून प्रवेश मिळवणं मला शिक्षकाच्या धर्मात बसणारं वाटत नाही, शाळा कितीही प्रिय असली तरी.

सत्कार समारंभ 25 मे ला ठेवला होता. रविवार, मुंबईकर गावात, सगळ्यांना सोयीचं. मैदानावर मंडप घातला होता. एरवी आमच्याकडे पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. यंदा आठवडाभर आधीपासूनच त्याने झोडपायला घेतलं. झाडावरचा उरलेला आंबा गेला, पुष्कळ चाकरमानी सामान बांधून परत निघाले. आणि 25 तारखेलाच हवामान खात्याने मान्सून महाराष्ट्रात दाखल झाल्याचं जाहीर केलं, त्याची सीमारेषा नेमकी देवगडवरून जात होती. मंडप भिजून खाली आला. वीज पहाटेच गेली होती. शिपाईमामांनी दोन वर्गांमधली लाकडी फळ्यांची भिंत काढली, बाकं सरकवली, आणि समारंभ कौलांखाली झाला. माइक नव्हता. पाऊस कौलांवर इतका वाजत होता की बोलणाऱ्याला अक्षरशः ओरडावं लागत होतं, त्यामुळे भाषणं आपोआप आटोपशीर झाली.

मला वाटलं होतं निम्मे लोक येणार नाहीत. पण पडवीत माणसं उभी होती, छत्र्या गळत होत्या. संध्याकाळची तुतारी एक्स्प्रेस पकडायची असलेले चारजण सामानाच्या पिशव्या घेऊनच आले होते. 1992 साली मी ज्या पहिल्या वर्गाला शिकवलं त्यातली एक मुलगी, आता स्वतः आजी झालेली, सावंतवाडीहून आली होती. ती काहीच बोलली नाही, येऊन जवळ बसली.

माझी बोलायची वेळ आली तेव्हा मी तयार करून आणलेला कागद बाजूला ठेवला. आभार मानले, संस्थेचे, गावाचे, सहकाऱ्यांचे. मग म्हटलं, तुम्ही मला भेट म्हणून जे पैसे जमवले आहेत ते मला ठाऊक आहेत, कारण गावात काही लपत नाही. शाळेला रंग काढायचं, प्रोजेक्टर घ्यायचं चाललं आहे, तेही कानावर आलं. रंग पुढच्या वर्षी काढा. सड्यापलीकडच्या वाडीतून सात मुली या शाळेत येतात. आठवीला त्यांतल्या दोघींची शाळा सुटायच्या बेतात आहे, कारण पावसात संध्याकाळची गाडी भरवशाची नाही आणि आईला घोर लागतो. या मुली सुटल्या तर पट घसरेल, पट घसरला तर शिक्षक जाईल, हा हिशोब आहेच. पण तो बाजूला ठेवला तरी त्या मुलींना दहावीपर्यंत शिकायचं आहे, एवढं पुरेसं नाही का? पावसाळ्याचे चार महिने त्यांच्यासाठी गाडी लावा. बाकी मला काही नको.

थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू येत होता. मग मागून कुणीतरी विचारलं, “भाडा किती होईत?” तिथेच हिशोब सुरू झाला. कार्यक्रमाची शिस्त मोडली, सूत्रसंचालक बिचारा कागद धरून उभा. वाडीतला एक रिक्षावाला माजी विद्यार्थी, त्याने डिझेलचा खर्च सांगितला. मुंबई मंडळाच्या अध्यक्षांनी जमलेली रक्कम त्यासाठी वळवायचं कबूल केलं, आणि सरांनी, तोवर कुणाच्या ध्यानीमनी नसताना, उठून सांगितलं की आगाराला गाडीची वेळ शाळेच्या सुटण्याशी जुळवण्याबद्दल पत्र उद्याच जाईल आणि त्यावर सही त्यांची असेल. त्या क्षणी मला वाटलं, चार्ज झाला.

शनिवारी 31 मे ला कागदावरही झाला. सर, लेखनिक, शिपाईमामा आणि मी, चौघेच. यादीच्या प्रत्येक पानावर ‘दिला’ म्हणून माझी सही, ‘घेतला’ म्हणून त्यांची. हातातली रोख मोजली, बँकेच्या पासबुकाशी ताडून घेतली. शिक्का दिला. किल्ल्यांचा जुडगा दिला, त्यातली ग्रंथालयाची किल्ली कुलपात जरा तिरकी घालावी लागते, तेही करून दाखवलं. मस्टरवर शेवटची सही केली. लेखनिकांनी सेवापुस्तकात ‘नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त’ अशी नोंद लिहिली आणि शाई सुकू दिली. मामांनी चहा केला होता. त्यांच्याकडे बघवेना, कारण ते माझ्याआधीपासून या शाळेत आहेत आणि त्यांना आणखी दोन वर्षं नोकरी आहे.

16 जूनला शाळा भरली तेव्हा मी मुद्दाम गेले नाही. पहिल्या दिवशी मुलांनी नव्या मुख्याध्यापकाकडे बघावं, माझ्याकडे नाही. सरांच्या सहीला मान्यता आली, जूनचा पगार वेळेवर झाला. आगाराने गाडी वीस मिनिटं पुढे घेतली. रिक्षा पावसाळाभर ठरलेली आहे. परवा सरांचा फोन आला होता, यू-डायसचा एक ओटीपी अजून माझ्याच फोनवर येतो. तो सांगितला. ऑगस्ट लागला होता, म्हणून मी हजेरीपटाचं विचारलं. सर म्हणाले, “बाई, दोघं गैरहजर होते. कालच वाडीवर जाऊन आलो. एक आज आला, दुसऱ्याच्या आईने सोमवारचं कबूल केलंय. सोमवारी नाही दिसला तर परत जातो.”